कर्नाळ्याला येण्याआधी एवढं वाचा

कर्नाळ्याच्या ट्रेकसाठी आमच्याकडे नाव नोंदवलंत, मनापासून आभार. हे पत्रक घरी निवांत वाचा आणि सोबत येणाऱ्यांनाही द्या. सकाळी गेटवर हे सगळं सांगायला वेळ मिळत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना अंगठ्यासारखा सुळका दिसतो आणि तो पाहून बरेच जण किल्ल्यासाठी म्हणून येतात. पण तुमचं पाऊल आधी पडतं ते अभयारण्यात. १२.११ चौरस किलोमीटरचं हे जंगल पक्ष्यांसाठी राखलेलं आहे आणि किल्ला त्याच्या पोटात आहे. त्यामुळे आमचा ट्रेक जंगलाच्या सोयीने चालतो. एका गटात दहाच्या वर माणसं घेत नाही, स्पीकर चालत नाही, आणि निघायचं ते सकाळी गेट उघडताच.

पनवेलपासून अभयारण्य साधारण १२ किलोमीटरवर आहे. पेणकडे जाणारी एस.टी. पकडलीत तर थेट गेटजवळ उतरता येतं. आत जाताना पिशव्या तपासल्या जातात, म्हणून वेफर्सची पाकिटं आणि एकदा वापरून फेकायच्या बाटल्या घरीच ठेवा. डबा स्टीलचा आणा. गेटजवळ माकडं आहेत, त्यांच्यासमोर डबा उघडू नका आणि त्यांना काही देऊही नका. एकदा सवय लागली की मागून येणाऱ्या लहान मुलांच्या हातातलं ती ओढून घेतात.

किल्ल्याची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीच्या मानाने ही काही फार नाही, पण इथला उकाडा माणसाला दमवतो. समुद्र जवळ असल्याने हवा दमट, घाम वाळत नाही आणि अंगातलं पाणी कधी कमी झालं ते कळत नाही. माणशी तीन लिटर पाणी हवंच. त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर किंवा कोकम सरबत असू द्या. वर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिण्यासाठी धरू नका. रमतगमत चढलं तर दोन-अडीच तास लागतात. वाटेत कर्णाई देवीचं देऊळ लागतं, तिथे सगळे एकत्र आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता मधमाश्यांबद्दल. हा भाग कृपा करून दोनदा वाचा.

सुळक्याच्या कड्यावर आग्या माश्यांची पोळी असतात. या माश्या आपणहून कोणाच्या वाटेला जात नाहीत. धूर, आरडाओरडा, मारलेला दगड किंवा उग्र वासाचं अत्तर यांनी त्या बिथरतात, आणि एकीने डंख मारला की त्या डंखाच्या वासावर बाकीच्या धावून येतात. म्हणून वर सिगारेट नाही, शिट्ट्या नाहीत आणि ड्रोन तर मुळीच नाही. परफ्यूम लावून येऊ नका. कपडे फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे घाला. काळ्या कपड्यांवर त्या जास्त येतात. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोकं ओढणीने किंवा शर्टाने झाका आणि आमचा वाटाड्या सांगेल त्या बाजूने खाली उतरत दूर निघा, मात्र अरुंद पायऱ्यांवर ढकलाढकली करू नका. काटा राहिला असेल तर सुरक्षित जागी पोचताच नखाने खरवडून काढा. जितका उशीर, तितकं विष जास्त. धाप लागली, ओठ सुजले किंवा अंगावर गांध्या उठल्या तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. माशी चावल्याने आधी कधी त्रास झाला असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध जवळ बाळगा.

सुळका सव्वाशे फुटांच्या आसपास उंच आहे. त्यावर आम्ही कोणालाही चढवत नाही, कितीही आग्रह केला तरी.

त्याच्या पायथ्याशी मात्र खुशाल बसा. हवा स्वच्छ असली तर प्रबळगड, माथेरान आणि माणिकगड ओळखता येतात. बंदरावरून बोरघाटाकडे जाणाऱ्या मालावर नजर ठेवायला हीच जागा का निवडली असेल, ते इथे उभं राहिलं की आपोआप कळतं. महामार्गावरचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. परतताना वेळ असेल तर शिरढोणला जरूर थांबा.

पक्ष्यांसाठी आमची मनापासून एक विनंती आहे: मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी घरटं सोडून धावतो, आणि तेवढ्या वेळात अंडी-पिल्लं उघडी पडतात. पावसाळ्यात तर हे अजिबात नको. तेव्हा तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवत असतो. चिमणीहून लहान, पण रंग असे की एकदा पाहिला की विसरत नाही. तो दिसलाच तर लांबूनच पाहा. शांत चाललात तर शीळकरी कस्तूराची शीळ आणि भृंगराजाच्या नकला ऐकू येतील. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की आमचे वाटाडेसुद्धा थबकून ऐकतात.

पावसात शेवाळलेल्या दगडांवर पाय सटकतो. चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून आलेल्यांना देवळापुढे नेत नाही. जोराच्या पावसाचा इशारा असेल तर आदल्या रात्रीच ट्रेक रद्द केल्याचा फोन येईल. तेव्हा पैसे पूर्ण परत मिळतील किंवा पुढची तारीख घेता येईल, जे तुम्हाला सोयीचं असेल ते.