फेरेटचे आजारपण

फेरेट हा युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला छोटा मांसाहारी प्राणी. शास्त्रीय नाव मुस्टेला फ्यूरो. सशांच्या बिळात सोडण्यासाठी तो युरोपात दोन हजारांहून अधिक वर्षे पाळला जात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात मात्र तो अगदी नवखा आहे. कुणी पाळलाच, तर शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘मुंगूस पाळलायसा काय वो?’ हाच असतो. मुंगूस वेगळ्या कुलातले. फेरेटचा सोयराच शोधायचा तर तो नदीतले पाणमांजर. नर साधारण १ ते २ किलो भरतो, मादी त्याहून बरीच लहान. आयुष्य ५ ते ८ वर्षांचे.

सीमाभागातल्या माणसाला जनावराचे दुखणे कळत नाही असे नाही. म्हशीने रवंथ सोडली, नाकपुडी कोरडी पडली, कान गार लागले की धारेला बसलेली बाई डॉक्टर यायच्या आधीच निदान सांगते. पण ही नजर फेरेटच्या बाबतीत फसते, ती वेळेच्या हिशेबात. खाल्लेले अन्न त्याच्या आतड्यातून ३ ते ४ तासांत बाहेर पडते आणि अंगात साठा फारसा नसतो. ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ हे म्हशीला बहुतेकदा चालून जाते. ज्या फेरेटने सकाळपासून तोंडाला काही लावलेले नाही, त्याला त्याच दिवशी दाखवावे लागते.

निरोगी फेरेटही दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो, त्यामुळे ‘झोपून असतो’ या तक्रारीला एकटीला काही अर्थ नाही. कधी कधी तो इतका गाढ झोपतो की उचलला तरी मान लोंबते आणि घरचे घाबरून रडायला लागतात. अशा वेळी अंग उबदार असते, श्वास संथ चालतो, हिरड्या गुलाबी असतात. नाकाशी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा धरला की मिनिटा-दोन मिनिटांत मिशा हलतात. हेच चित्र थोडे बदलले की धोका. डोळे उघडे पण नजर काचेसारखी, तोंडातून लाळ, पुढच्या पंजाने तोंड खरवडणे, उभे केले तर मागचे पाय फरफटणे. याचा अर्थ रक्तातली साखर उतरली आहे. ३-४ वर्षांपुढच्या फेरेटमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा. रक्तशर्करा डेसिलिटरला ६० ते ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली की संशय बळावतो. कापसाच्या काडीने हिरड्यांवर थोडा मध चोळावा. घशात ओतू नये, आणि झटका चालू असेल तर तोंडात बोट घालू नये. सावध झाला की लगेच मांसाहार द्यावा, कारण नुसत्या गोडाने इन्सुलिन पुन्हा उसळते आणि साखर पुन्हा कोसळते. मध हा दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा आधार आहे. पुढे प्रेडनिसोलोन, डायझॉक्साइड ही औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय डॉक्टरांचा. एरवी बेळगावचा कुंदा कौतुकाने भरवायचा हा प्राणी नव्हे.

दुसरी मोठी आपत्ती आतडे अडकण्याची. रबर दिसले की फेरेटला, विशेषतः लहान वयात, राहवत नाही. स्लिपरचा तळ, खोडरबर, इअरफोनची टोपी, कुकरची जुनी रिंग असे काहीही तो कुरतडतो आणि गिळतो. कुत्र्यासारखी उलटी होईलच असे नाही. दात खाणे, लाळ गळणे, पोट दाबले की अंग आखडणे, विष्ठा शेवईसारखी बारीक होत जाणे आणि मग बंद पडणे, असा क्रम दिसतो. यावर एरंडेल पाजणे हा उपाय नाही. चपला पडवीत उघड्यावर काढून ठेवायची आपली सवय एवढ्यापुरती तरी मोडावी.

विष्ठा रोज पाहावी. डांबरासारखी काळी, चिकट असेल तर जठरात रक्तस्राव आहे. हिरवी, बुळबुळीत विष्ठा दिसली तर बहुधा पोटात अन्नच गेलेले नाही किंवा आतड्याला सूज आहे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत अशा हिरव्या जुलाबांची साथ प्रथम नोंदली गेली आणि तिचा संबंध पुढे एका कोरोनाविषाणूशी जोडला गेला. नवा फेरेट आणल्यावर दोन-तीन दिवसांत जुना आजारी पडला, तर हीच शंका घ्यावी. पाणी कमी पडले का, हे मानेमागची कातडी चिमटीत धरून कळते: सोडल्यावर ती तंबूसारखी उभीच राहिली तर सलाइन लागते.

शेपटीपासून वर सरकत केस गळू लागले, तर ते बहुतेकदा अधिवृक्क (मूत्रपिंडाजवळच्या) ग्रंथीचे दुखणे असते, खरूज नव्हे. नरामध्ये त्याच ओघात मूत्राशयाजवळची प्रोस्टेट ग्रंथी सुजून लघवी अडते. कुंथूनही थेंबभर येत नसेल तर तास मोजावेत, दिवस नव्हे. मादीचे गर्भाशय-अंडाशय काढलेले नसेल आणि माज महिनाभर उतरला नाही, तर हाडांतली रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मंदावून तिच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. गाई-म्हशींचा माज आपोआप उतरतो, फेरेट मादीचा समागमाशिवाय लांबत जातो.

उन्हाळा हा इथला खास शत्रू. फेरेटला घाम फुटत नाही म्हटले तरी चालेल आणि ३० अंशांच्या पुढे त्याचा जीव कासावीस होतो. एप्रिलमध्ये बेळगाव शहराचा पारा ३५ च्या आसपास जातो, अथणी-रायबागकडे त्याहून वर. तोंड उघडून धापणे, पोट फरशीला चिकटवून पडणे, हिरड्या लालभडक होणे ही उष्माघाताची चिन्हे. पंजे व पोट साध्या गार पाण्याने ओले करून पंख्याखाली ठेवावे. बर्फात बुडवू नये. पत्र्याच्या खोलीत पिंजरा ठेवून लाइट गेली, तर कुठलाच उपाय पुरा पडत नाही.

घरात सर्दी-ताप असेल तर फेरेटपासून लांब राहावे, कारण माणसाचा फ्लू त्याला लागतो. १९३३ मध्ये लंडनमध्ये माणसातील इन्फ्लूएंझाचा विषाणू ओळखला गेला, तो फेरेटांच्याच मदतीने. बरेच फेरेट त्यातून उठतात. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूच्या रोगातून मात्र जवळपास एकही उठत नाही. लागण झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी ताप, डोळ्यांना चिपडे, हनुवटीवर पुरळ आणि पुढे तळव्यांची कातडी जाड व टणक, हे दिसते. गल्लीत मोकाट कुत्री फिरत असताना लसीचा विचार टाळता येत नाही, पण कुत्र्याची कुठलीही लस सरसकट टोचू नये. जिवंत विषाणू असलेल्या काही लसींमुळेच फेरेटला डिस्टेंपर झाल्याचे आढळले आहे. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, कारण तीव्र प्रतिक्रिया आलीच तर बहुधा तेवढ्यात येते. मोकाट कुत्रे चावले, तर रेबीजचा धोका इतर कुठल्याही सस्तन प्राण्यासारखाच.

घरगुती औषधांचा मोह मोठा असतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही फेरेटला घातक आहेत, आणि तापाची गोळी प्रत्येकाच्या फळीवर असते. त्याचे नेहमीचे तापमान ३७.८ ते ४० अंश सेल्सिअस असल्याने हाताला तो कायमच गरम लागतो. त्यावरून ताप ठरवू नये. वाण्याकडे असतो तसा छोटा काटा घेऊन दर रविवारी वजन वहीत लिहिणे हे कुठल्याही औषधापेक्षा उपयोगी पडते. हिवाळ्यात वजन वाढते, उन्हाळ्यात उतरते, म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे.

सीमाभागातील बहुतेक पशुवैद्यांचे रोजचे रुग्ण म्हणजे म्हैस, बैल, शेळी, फार तर कुत्रा. लहान प्राण्यांचा डॉक्टर शोधताना राज्याची हद्द मनात आणू नये. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. निघण्याआधी फोन करून प्राणी कोणता ते नीट सांगावे. ताजी विष्ठा डबीत घ्यावी, पेटीत ओला टॉवेल ठेवावा. शस्त्रक्रिया ठरली, तर ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ ही कुत्र्यासाठीची सूचना डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावी. फेरेटला ३ ते ४ तासांचा उपास पुरतो; इन्सुलिनोमाचा फेरेट रात्रभर उपाशी राहिला, तर टेबलावर पोहोचण्याआधीच त्याला झटके येऊ शकतात.