फोमच्या विमानाचे एलेरॉन वाकते कसे आणि सरळ होते कसे

फोमच्या रेडिओनियंत्रित मॉडेल विमानाचे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारे पाते, बहुधा उडताना नव्हे तर नुसते पडून असताना वाकते. विमान पंखावर भार देऊन भिंतीशी टेकवले, खोक्यात दाटीने बसवले किंवा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत राहिले, की पात्याला बाक तरी येतो किंवा पीळ तरी पडतो. पुष्कळ हौशी मंडळी रिमोटवरचे ट्रिम, म्हणजे पात्याची मधली स्थिती किंचित बदलणारी कळ, थोडे सरकवून हा दोष झाकतात. विमान त्यामुळे सरळ उडूही लागते, परंतु दोष जागच्या जागीच राहतो.

सर्व्होचा, म्हणजे पाते हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, पुशरॉड (जोडदांडी) एलेरॉनला हॉर्नच्या, म्हणजे पात्यावरच्या जोडखुंटीच्या, एकाच ठिकाणी धरून ठेवतो आणि बाकीचे पाते केवळ स्वतःच्या ताठपणावर तग धरते. टोकाचा भाग खाली वळलेला असेल, तर ट्रिम दिल्यावर हॉर्नजवळचा भाग वर जातो आणि टोक मात्र तुलनेने खालीच राहते. दोन्हींचे परिणाम एकमेकांना खोडतात म्हणून विमान कलत नाही, पण हवेचा रोध विनाकारण वाढतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने मऊ पाते वेगात अधिक लवते, आणि एका वेगाला जमलेले ट्रिम दुसऱ्या वेगाला चुकते. खरी अडचण उतरताना येते. टोकाशी पाते खाली वळलेला पंख, नाक वर उचलत नेल्यास, दुसऱ्या पंखाच्या आधी स्टॉल होऊ शकतो, म्हणजे त्याची उचल एकाएकी घटते, आणि जमीन हातभर अंतरावर असताना विमान एका बाजूला कोसळते.

मॉडेलसाठी वापरला जाणारा फोम म्हणजे जुन्या विमानांत थर्माकोल, अर्थात पॉलिस्टायरीन, आणि अलीकडच्या साच्यातल्या विमानांत बहुधा ईपीओ, ज्यात पॉलिस्टायरीनला पॉलिएथिलीनची जोड दिलेली असते. दोन्हींच्या आकारमानाचा 95 टक्क्यांहून अधिक भाग बंद कप्प्यांतल्या हवेने भरलेला असतो. कप्प्यांच्या पातळ भिंती लांबलचक रेणूंच्या बनलेल्या असतात. भार थोडाच असला तरी तो दीर्घकाळ राहिला, तर हे रेणू एकमेकांवरून हळूहळू सरकतात आणि भार काढल्यावर पूर्ववत होत नाहीत. उष्णतेने हे सरकणे फार झपाट्याने होते. बाकाच्या आतल्या, खोलगट बाजूचे कप्पे चेपलेले राहतात आणि बाहेरच्या बाजूचे ताणलेले.

दुरुस्तीची दिशा यातूनच ठरते. उष्णता मुख्यतः खोलगट बाजूला द्यावी, कारण तिथे कप्प्यांतली हवा प्रसरण पावून चेपलेल्या भिंतींना आतून फुगवते. विमानाच्या नाकावरची चेप गरम पाण्याने वर येते तीही याच कारणाने. पॉलिस्टायरीन सुमारे 100 अंश सेल्सियसला काचेसारखा कडकपणा सोडते, मात्र फोम त्याच्या बराच आधी नमू लागतो, त्यामुळे 70 ते 80 अंशांचे पाणी पुरेसे होते. पाण्याची आणखी एक सोय अशी की उघड्या भांड्यात ते 100 अंशांच्या वर जातच नाही. याउलट हीट गनची हवा कित्येक शे अंशांची असते आणि क्षणभर रेंगाळली तरी फोमचे दाणे फुगून पृष्ठभाग खरबरीत होतो. तो पुन्हा गुळगुळीत करण्याचा उपाय निदान माझ्या पाहण्यात नाही. हेअर ड्रायर चालतो, पण तो सतत हलता ठेवावा.

पुशरॉड सोडवून, सर्व्होला पाणी लागणार नाही अशा बेताने, गरम पाण्यात पिळलेले फडके खोलगट बाजूवर धरावे आणि हातमोजे घालून पाते उलट दिशेला, सरळ रेषेच्या थोडे पलीकडे वाकवावे, कारण सोडल्यावर ते काहीसे मागे येतेच. फोम पूर्ण थंड होईपर्यंत पकड सोडू नये. घाई होते ती इथेच: फोम उष्णतारोधक असल्याने वरून गार लागला तरी आतून कोमट असतो, आणि त्या अवस्थेत सोडलेले पाते जुन्या बाकाकडे परत वळते. पीळ असल्यास पाते बिजागरीजवळ धरून टोक उलट पिळावे. बिजागरीचा फोम पातळ असतो, त्यावर जोर येता कामा नये.

पुन्हा वाकू नये म्हणून बरेच जण पात्यात कार्बनची पट्टी बसवतात. पॉलिस्टायरीनचे एक मीटर दर अंशाला सुमारे 0.07 मिलिमीटर वाढते, तर कार्बन लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही. तीस सेंटिमीटरच्या पात्याचे तापमान 30 अंशांनी वाढले, तर मोकळा फोम 0.6 मिलिमीटर लांब होऊ पाहतो, आणि पट्टी फक्त एका बाजूला चिकटवलेली असल्यास दर दुपारी पाते तिच्याकडे बाक घेते. म्हणून पट्टी जाडीच्या मधोमध चीर पाडून बसवावी किंवा दोन्ही बाजूंना सारखी लावावी. थर्माकोलसाठी साधा सुपरग्लू वापरू नये, तो फोम विरघळवतो. इपॉक्सी किंवा फोमसाठीचा खास गोंद घ्यावा. हे झाल्यावर रिमोटवरचे ट्रिम शून्यावर आणून पुशरॉडची लांबी नव्याने जुळवावी, नाहीतर जुन्या बाकासाठी दिलेले ट्रिम सरळ पात्याला वाकडे चालवील.