तुवालू : राज्यकारभार आणि चढता समुद्र

तुवालू हा दक्षिण पॅसिफिकमधला, ऑस्ट्रेलिया आणि हवाईच्या साधारण मध्यावर पडलेला नऊ प्रवाळबेटांचा स्वतंत्र देश. सगळी जमीन एकत्र केली तरी २६ चौ. किमी.च भरते, लोकसंख्या अकरा हजारांच्या आतबाहेर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त माणसं एकट्या फुनाफुटीवर, म्हणजे राजधानीच्या बेटावर राहतात. बरीचशी जमीन समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच वर आहे, सगळ्यात उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एकमजली घराच्या गच्चीपेक्षा थोडीशी जास्त. डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही.

नावाचा अर्थ 'आठ एकत्र उभे'. बेटं नऊ आणि नाव आठांचं, कारण दक्षिणेकडच्या निउलाकितावर कायमची वस्ती नव्हती, १९४९ मध्ये निउताओ बेटावरची माणसं तिथे राहायला गेली. आधीचं एलिस बेटं हे नाव १८१९ मध्ये कॅप्टन डी पेस्टर याने एडवर्ड एलिस या इंग्रजाच्या नावावरून फुनाफुटीला दिलं आणि पुढे सगळ्या समूहाला चिकटलं. त्याआधी १५६८ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्या याला जे बेट दिसलं ते बहुधा नुई असावं. मूळ वस्ती कधीची याबद्दल वेगवेगळे अंदाज आहेत, पण लोक मुख्यतः सामोआ-टोंगाकडून आले याला भाषा आणि बेटाबेटांवरच्या कथा दोन्ही दुजोरा देतात. नुईवर मात्र गिल्बर्ट बेटांच्या (आजचं किरिबाटी) भाषेशी नातं सांगणारी बोली आहे.

बेटं बनली कशी : स्थानिक कथेत याचं उत्तर आहे, बाम आणि चपटा मासा (ते पुसी आणि ते अली) यांचं भांडण झालं, चपट्या माशापासून ही सपाट बेटं झाली आणि बामापासून माड. विज्ञानातल्या वादातही फुनाफुटीचं नाव मोठं आहे आणि ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण समुद्र चढला तर बेटांचं काय होणार या आजच्या वादाचं मूळ त्यातच आहे. डार्विनने १८४२ मध्ये मांडलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्या कडेचं प्रवाळ मात्र वर वर वाढत राहतं, शेवटी मधला डोंगर बुडतो आणि उरतं ते कंकणद्वीप, मध्ये खारकच्छ (आत अडकलेलं समुद्राचं उथळ पाणी) आणि भोवती जमिनीचं कडं. जॉन मरे वगैरे मंडळींना खचण्याची कल्पना पटत नव्हती, त्यांच्या मते समुद्रातल्या उंचवट्यावर गाळ साचून प्रवाळाला पाया मिळतो. हे तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ अशी तीन वर्षं फुनाफुटीवर मोहिमा पाठवल्या. पहिल्या वर्षीचं भोक फार खोल गेलंच नाही, दुसऱ्या वर्षी सिडनीचे एजवर्थ डेव्हिड आले आणि काम मार्गी लागलं, १८९८ पर्यंत १,११४ फूट म्हणजे सुमारे ३४० मीटर खोल गेले आणि इतक्या खोलीपर्यंत ज्वालामुखीचा खडक लागलाच नाही, सगळा चुनखडक आणि प्रवाळच. डार्विनवाले म्हणाले बघा, खचल्याशिवाय एवढा थर कसा बसेल, विरोधक म्हणाले हा तर कडेवरून घसरलेला गाळ आहे. वाद मिटला तो फार उशिरा, १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटकवर अणुचाचण्यांच्या निमित्ताने खोल भोकं पाडली तेव्हा साधारण १,४०० मीटरवर बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनचं म्हणणं खरं ठरलं. फुनाफुटीतल्या फोंगाफाले या मुख्य बेटावर ती भोकाची जागा अजून दाखवतात.

यातून कळतं ते एवढं की ही जमीन म्हणजे स्थिर दगड नाही. जिवंत प्रवाळाचा चुरा, वाळू, शिंपले लाटा आणून टाकतात आणि लाटाच नेतात. १९७२ च्या ऑक्टोबरात बेबे चक्रीवादळाने फुनाफुटीवरची घरं जवळजवळ सगळी पाडली, आणि त्याच वादळाने समुद्राच्या बाजूला प्रवाळाच्या तुकड्यांचा लांबलचक बांध आणून ठेवला. उलट १९९७ च्या वादळांत फुनाफुटीच्या कड्यावरचं तेपुका साविलिविली हे बेटुक झाडांसकट धुऊन निघालं.

बेटं बुडतायत की वाढतायत : इथे अभ्यासकांत मतभेद आहे. पॉल केंच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तुवालूच्या १०१ लहानमोठ्या बेटांची (एकेका प्रवाळबेटात असे अनेक तुकडे असतात) १९७१ ते २०१४ ची विमानातली आणि उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली तर एकूण जमीन घटण्याऐवजी २.९ टक्के, म्हणजे ७३.५ हेक्टर वाढलेली निघाली. हा आकडा जगभर 'तुवालू बुडत नाही' असा फिरला, पण तो निबंध तसं म्हणत नाही, तो म्हणतो बेटं आकार बदलतात, सरकतात, त्यामुळे राहण्याचं नियोजनही तसं करा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की क्षेत्रफळ वाढलं म्हणजे उंची वाढली असं होत नाही, आणि भर पडते ती बहुधा जिथे कोणी राहत नाही त्या वाळूच्या टोकांना. प्रस्तुत नोंदीचा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. माणूस क्षेत्रफळावर राहत नाही, गोड्या पाण्यावर राहतो. समुद्राची पातळी तीस वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १५ सेंमी. वर आलीये असं नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये सांगितलं, आणि २०५० पर्यंत बरीचशी जमीन आणि महत्त्वाच्या सोयी आजच्या भरतीच्या रेषेखाली जातील असाही त्यांचा अंदाज आहे.

पाणी चढतं कसं हे जवळून पाहायला हवं. फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या उधाणाला पाणी किनारा ओलांडून येतं तसं खालूनही येतं, जमीन सच्छिद्र असल्यामुळे धावपट्टीच्या कडेला, अंगणात, घराच्या पायाशी बुडबुडे फुटतात आणि तासाभरात घोटाभर खारं पाणी उभं राहतं. भिंत बांधून हे थांबत नाही. पुलाका हे इथलं जुनं पीक, आपल्या अळूच्या जातकुळीतलं पण पानं माणसाहून उंच आणि कंद अळकुड्यांच्या कितीतरी पट मोठा. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या जमिनीत खड्डे खणून खाली तरंगणाऱ्या गोड्या पाण्यापर्यंत पोचायचं, मग झाडाभोवती पाला आणि माती भरत राहायची. आता अनेक खड्ड्यांत खारं पाणी शिरलंय, पानं पिवळी पडतात, कंद कुजतो, आणि लोक आयात तांदळावर येतात. प्यायला पावसाचंच पाणी, घराच्या पत्र्यावरून टाकीत घेतलेलं. २०११ मध्ये पाऊस लांबला तेव्हा सप्टेंबरअखेर आणीबाणी जाहीर करावी लागली आणि फुनाफुटीत एका घराला दिवसाला ४० लिटर पाणी मिळत होतं. २०१५ च्या मार्चमध्ये पाम वादळ खरं तर वानुआतूवर गेलं, पण त्याच्या लाटांनी इथल्या बाहेरच्या बेटांवर कबरीसुद्धा उघड्या पाडल्या.

राज्यकारभार : १८९२ पासून ब्रिटिश संरक्षित प्रदेश, १९१६ पासून गिल्बर्ट आणि एलिस वसाहत. १९७४ च्या सार्वमतात एलिसवाल्यांनी ३,७९९ विरुद्ध २९३ मतांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९७८ ला तुवालू स्वतंत्र झाला, तोआरिपी लाउती पहिले पंतप्रधान. राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा, त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल. प्रजासत्ताक व्हायचं का हे २००८ मध्ये विचारलं तेव्हा फारच थोडे लोक मतदानाला आले आणि प्रजासत्ताकाच्या बाजूने ६७९ आणि विरुद्ध १,२६० मतं पडून राजेशाहीच राहिली.

संसदेत १६ सदस्य, आठ मतदारसंघांतून दोन-दोन, निउलाकिता निउताओबरोबर. राजकीय पक्ष नाहीत. माणूस निवडून येतो तो घराणं, बेट आणि स्वतःचं नाव यांवर, त्यामुळे दोघा-तिघांनी बाजू बदलली की सरकार पडतं, २००१, २००४ आणि २०१० मध्ये अविश्वास ठरावाने पंतप्रधान गेले. २०१३ मध्ये तर बहुमत गेल्यावरही विली तेलावी यांनी संसद चालू द्यायला टाळाटाळ केली म्हणून गव्हर्नर जनरलनी त्यांना पदावरून काढलं. २०२४ च्या जानेवारीत निवडणूक झाली, पंतप्रधान कौसेआ नातानो स्वतःची जागा हरले, पण नवा पंतप्रधान निवडायला महिना लागला, कारण खराब हवामानामुळे बाहेरच्या बेटांवरून सदस्यांना आणणाऱ्या बोटी राजधानीला पोचू शकत नव्हत्या. मग फेलेती तेओ बिनविरोध झाले.

खरा रोजचा कारभार मात्र बेटावर, फालेकाउपुलेत चालतो. ही जुनी ग्रामसभा, १९९७ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले, कार्यकारी मंडळ ते काउपुले. जमीन बहुतेक 'काइतासी', म्हणजे शब्दशः 'एकत्र खाणारे', अशा एकत्र कुटुंबाच्या मालकीची असते.

पैसा : मासेमारीचे परवाने हे सगळ्यात मोठं उत्पन्न, सागरी हद्द मोजणीनुसार साडेसात ते नऊ लाख चौ. किमी. आणि तिच्यात भरपूर टूना. १९८७ चा ट्रस्ट फंड, म्हणजे देशाचा गुंतवणूक निधी आहे. शिवाय इंटरनेटवरचं 'डॉट टीव्ही' हे देशाचं अक्षरनाव, त्याच्या पहिल्या कराराच्या पैशातून २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं.

जमीन गेली तर देश उरतो का : १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारानुसार राज्याला लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि परराष्ट्र संबंधांची क्षमता लागते. भूभागच गेला तर काय, यावर कायदेपंडितांत दोन तट. एक म्हणतो निकष संपले की राज्य संपलं, दुसरा म्हणतो निकष जन्माचे आहेत, जगण्याचे नाहीत. तुवालूने वाट बघितली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या राज्यघटनेत असं लिहिलंय की हवामानबदलाने भूमी गेली तरी तुवालू हे राज्य कायम राहील. याआधी २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून हवामान परिषदेसाठी भाषण केलं, आणि पुढच्या वर्षी बेटांची डिजिटल प्रत करायची घोषणा केली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या सल्लामतात म्हटलंय की एकदा राज्य स्थापन झालं की त्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्यत्व जाईलच असं नाही. हे मत बंधनकारक नाही, पण दुसऱ्या तटाला यातून मोठं बळ मिळालंय.

दरम्यान जमीन वाढवायचं कामही चालू आहे. हरित हवामान निधीच्या मदतीने फुनाफुटीत खारकच्छातली वाळू उपसून सुमारे सात हेक्टरची उंच पट्टी तयार झालीये, आणि 'ते लाफिगा' म्हणजे आसरा या नावाच्या दूरच्या आराखड्यात ३.६ चौ. किमी. उंच जमीन मांडलीये. अमेरिकी सैन्याने १९४०च्या दशकात धावपट्टीसाठी खणलेले खड्डे २०१५ मध्ये भरून झाले. धावपट्टीवर विमान येण्याआधी सायरन वाजतो, लोक बाजूला होतात, विमान गेलं की संध्याकाळी मुलं पुन्हा तिथेच खेळतात, कारण मोकळी जागा तेवढीच आहे.

बाहेर जाणं : नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी फालेपिली करार झाला, २८ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. फालेपिली म्हणजे शेजाऱ्याला घरचा समजणं. वर्षाला २८० जणांना तिकडे राहायची मुभा, आणि २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून ८,७५० नावं आली. संरक्षणाच्या बाबतीत इतर देशांशी करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती लागेल या अटीवर देशात बरीच टीका झाली. स्थलांतराचं जुनं उदाहरण कियोआचं आहे. तुवालूतल्या वाइटुपू बेटाच्या लोकांनी १९४० च्या दशकात फिजीतलं हे बेट विकत घेतलं, तेव्हा कारण समुद्र नव्हतं, जागा पुरत नव्हती हे होतं. तिथल्या लोकांना फिजीचं नागरिकत्व २००५ मध्ये मिळालं, आणि २०२२ मध्ये पॅसिफिकमधल्या संघटनांनी हवामान आणीबाणीचा जाहीरनामा याच बेटावर जमून केला.