रिकाम्या फोल्डरचे वजन

गेल्या पंधरवड्यात रावेर येथील केळीच्या एका पेढीवरून मला बोलावणे आले. उत्तर भारतातील व्यापाऱ्यांशी झालेला तीन वर्षांचा पत्रव्यवहार पेढीच्या मुनीमजींनी थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधील एका फोल्डरमध्ये जपून ठेवला होता. त्यातले एकच पत्र त्यांना काढायचे होते. परंतु सर्व पत्रे निवडलेली असतानाच त्यांनी शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या व पुढे आलेल्या प्रश्नाला न वाचताच होकार दिला. या दोन कळांनी काढलेले पत्र ट्रॅशमध्ये, म्हणजे पुसलेल्या पत्रांच्या फोल्डरमध्येही जात नाही. पेढीवर पत्रे संगणकात उतरवून सर्व्हरवरची प्रत काढून टाकण्याची पद्धत असल्याने तोही आधार नव्हता. दुरुस्तीवाल्याने ‘गेले ते गेले’ असा निर्वाळा दिला होता. मुनीमजींना मात्र एक गोष्ट खटकत होती. ‘‘भाऊ, आत एकही पत्र नाही, मग ही फाईल ४०० एमबीची कशी?’’

त्यांच्या या शंकेतच उत्तर दडलेले होते. थंडरबर्डच्या नेहमीच्या रचनेत एक फोल्डर म्हणजे एकच लांबलचक मजकुराची फाईल असते आणि पत्रे तिच्यात एकाखाली एक लिहिली जातात. मधले एक पत्र खरोखर काढायचे, तर त्याच्या पुढचा सगळा मजकूर मागे सरकवून फाईल नव्याने लिहावी लागेल. मुनीमजी रोजमेळातील चुकीच्या नोंदीसाठी पान फाडत नाहीत, तिच्यावर रेघ ओढतात. प्रोग्रॅमही तेच करतो. ही रेघ कशी ओढली जाते, हा मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे चार अंकी आकडा असतो. समजा, आपल्याकडे १, २, ४ आणि ८ किलोचे प्रत्येकी एकच वजन आहे. पारड्यात एकूण ९ किलो भरले, तर त्यात ८ आणि १ हीच वजने असणार. ११ भरले, तर ८, २ आणि १. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट असल्यामुळे कोणतीही बेरीज एकाच प्रकारे होऊ शकते, म्हणून नुसत्या बेरजेवरून पारड्यात काय काय आहे ते अचूक सांगता येते. येथे १ म्हणजे पत्र वाचले, २ म्हणजे उत्तर दिले, ४ म्हणजे तारांकित केले आणि ८ म्हणजे पुसले. वाचलेले पत्र ‘०००१’ असते. ते पुसले की ‘०००९’ होते. एवढाच बदल! पत्राचे एक अक्षरही हललेले नसते, प्रोग्रॅम फक्त आठाचे वजन असलेली पत्रे यादीत दाखवत नाही.

हा आकडा षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिला जातो, त्यामुळे १० ते १५ या संख्यांसाठी ए ते एफ ही अक्षरे येतात. वाचून, उत्तर देऊन मग पुसलेल्या पत्राची बेरीज ११ होते, म्हणून तेथे ‘०००बी’ दिसते आणि त्यातून ८ वजा केले की ‘०००३’ उरते. चार जागा कायम ठेवण्यामागेही युक्ती आहे: आकडा जागच्या जागी बदलता येतो, पुढचा मजकूर सरकत नाही.

आम्ही प्रोग्रॅम बंद करून फाईलची प्रत वेगळी काढली. मूळ फाईल साध्या मजकूर-संपादकात उघडून फक्त त्या ओळींपुरते ‘०००९’ चे ‘०००१’ आणि ‘०००बी’ चे ‘०००३’ केले. नंतर त्याच नावाची, पण एमएसएफ असे शेपूट असलेली अनुक्रमणिकेची फाईल काढून टाकली, म्हणजे प्रोग्रॅमने यादी नव्याने बांधली.

हे जमले, कारण ‘कॉम्पॅक्ट’ ही क्रिया अजून झालेली नव्हती. ती झाली की रेघ ओढलेल्या नोंदी वगळून फाईल पुन्हा लिहिली जाते. पुष्कळ जागा वाचणार असेल तर प्रोग्रॅम स्वतःच ती सुचवतो. अशा वेळी नकार द्यावा. कॉम्पॅक्ट होऊन गेले असेल, तर प्रश्न डिस्कवर येतो. चुंबकीय हार्ड डिस्कवर मोकळी ठरवलेली जागा दुसऱ्या मजकुराने व्यापेपर्यंत जुना मजकूर टिकून असतो, म्हणून पत्रे शोधण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणे हा शुद्ध आत्मघात आहे. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये मात्र कोणती जागा मोकळी झाली हे संगणक ‘ट्रिम’ या आज्ञेने डिस्कला कळवतो आणि ती जागा लवकरच साफ होऊ शकते. त्यामुळे ‘शंभर टक्के डेटा परत’ ही जाहिरात आणि संगणकाला बांधलेले लिंबू-मिरची यांत मला फारसा फरक दिसत नाही. हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा तोडगा तर त्याहून वाईट, कारण बाहेर काढल्यावर तिच्यावर बाष्प जमते.

जीमेलची गोष्ट निराळी आहे. तेथे फोल्डर नसून लेबल असते. लेबल काढले तरी पत्रे ‘ऑल मेल’मध्ये राहतात आणि प्रत्यक्ष पुसलेली पत्रे ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतात. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेल वापरकर्त्यांची पत्रे दिसेनाशी झाली, तेव्हा गूगलने ती चक्क चुंबकीय फितींवरील प्रतींतून परत आणली. संगणकाशी न जोडलेल्या त्या फितींपर्यंत हा दोष पोहोचला नव्हता.

रावेरच्या पेढीवर सारी पत्रे परतली, आणि त्यांच्याबरोबर मागच्या कॉम्पॅक्टनंतर मुनीमजींनी मुद्दाम पुसलेल्या खतांच्या जाहिराती व दिवाळीच्या शुभेच्छाही. आठाचे वजन आम्ही सरसकट काढले होते. मुनीमजींची संध्याकाळ ती पत्रे पुन्हा एकेक करून पुसण्यात गेली, आणि या वेळी त्यांनी शिफ्टच्या कळीला बोट लावले नाही.