अंगावर काटा आणणारं क्रियापद

इंग्रजी शिकताना 'हेट' हा शब्द फार लवकर भेटतो आणि मग आपण तोच सगळीकडे वापरतो. गर्दी आवडत नाही, हेट. शत्रू आवडत नाही, तरीही हेट. शब्दकोशात त्याच्या शेजारी लोद, ॲबॉर, डिस्पाइज अशी रांग दिसते, तेव्हा सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. पण यांतल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात शरीराची एकेक हालचाल दडलेली आहे. ती कळली, की कुठला शब्द कुठे वापरायचा हे पाठ करावं लागत नाही.

'ॲबॉर' घ्या. लॅटिनमध्ये 'अब' म्हणजे दूर आणि 'होरेरे' म्हणजे केस ताठ होणं, शहारणं. 'हॉरर'ही त्यातूनच आला. भीती वाटली की प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आकसतो आणि केस उभा राहतो. तोच काटा या क्रियापदात आहे. म्हणून हिंसेबद्दल, क्रौर्याबद्दल बोलताना ते शोभतं. नावडत्या भाजीसाठी वापरलं तर फारच अवजड होतं.

'डिस्पाइज'मध्ये नजर आहे, वरून खाली पाहणारी. आपलं 'तुच्छ लेखणं' याच्या अगदी जवळचं. ज्याची भीती वाटते त्याचा द्वेष करता येतो, त्याला तुच्छ लेखणं मात्र अवघड.

'डिस्गस्ट' म्हणजे किळस, जिभेवरचा शब्द. त्याच्या लॅटिन मुळात 'चव' आहे. ही भावना मुळात चवीशी निगडित असल्याचं डार्विननं १८७२ मध्येच लिहिलं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना कडू द्रव पाजला, किळसवाणी चित्रं दाखवली आणि एका खेळात पैशांची अन्यायकारक वाटणी देऊ केली. तिन्ही वेळा वरचा ओठ उचलणारा एकच स्नायू आकसला. अन्यायानं तोंड कडू होतं, ही नुसती उपमा नाही, हे वाचून मी थक्क झालो होतो.

'लोद' हा जुना जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला शब्द, किळस आणि द्वेष एकत्र. त्याचा भाऊ 'लोथ' म्हणजे फक्त नाखूश. शेवटचा एक उच्चार बदलला, की तीव्रता पार उतरते.

काही शब्द काळाच्या ओघातही असेच निवळतात. माशी कानाशी घोंगावली तरी आपण 'ॲनॉय' होतो. हा शब्द आला लॅटिन 'इन ओदिओ'पासून. आणि 'ओदिउम' म्हणजे द्वेष.