अकूस्टिक ड्रम किट : नवशिक्यासाठी निवड आणि मांडणी

एकाच माणसाने बसून, दोन हात आणि दोन पाय वापरून वाजवायचा ड्रम आणि झांजांचा संच म्हणजे ड्रम किट. नवशिक्याच्या किटमध्ये सहसा ५ ड्रम येतात : पायाने वाजणारा मोठा ड्रम म्हणजे किक, खाली तारा ताणलेला, करकरीत वाजणारा स्नेअर, वर बसवलेले २ छोटे ड्रम म्हणजे टॉम आणि जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम. सोबत झांजा : हाय-हॅट (पायाच्या पेडलने एकमेकींवर मिटणारी झांजांची जोडी), जोरात मारायची क्रॅश आणि लय धरायची राइड. अकूस्टिक किटला वीज लागत नाही, आणि खान्देशात ज्यांच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही त्यांच्यासाठी ही काही छोटी गोष्ट नाही.

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, साइड ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात आणि झांज तिसऱ्याच्या हातात असते. अमेरिकेतल्या मिरवणुकीच्या बँडांतही आधी असंच होतं. १९व्या शतकाच्या शेवटाकडे नाचाच्या हॉलमध्ये जागाही कमी आणि मालकाचा पैसाही कमी, मग एकच वादक दोन्ही ड्रम शेजारी ठेवून काठ्यांनीच वाजवायला लागला. पायाचं पेडल आलं आणि हात मोकळे झाले, किटची खरी सुरुवात तिथून धरतात. पण पहिलं पेडल कोणाचं, यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या डी डी चँडलर या ड्रमवादकाने १८९०च्या दशकात घरीच लाकडी पेडल बनवलं असं एक मत आहे आणि साधारण १८९६च्या सुमाराचा मानला जाणारा एक फोटो त्यासाठी दाखवतात. दुसरीकडे श्रेय जातं शिकागोच्या विल्यम लुडविगकडे, कारण १९०९च्या सुमाराचं त्याचं पेडल छोटं, उचलून नेता येणारं होतं आणि रॅगटाइम या त्या काळच्या अमेरिकन संगीताच्या पळत्या लयीला पुरं पडत होतं, जे आधीच्या पेडलना जमत नव्हतं. दोन्ही बाजू बघता, कल्पना आधीची आणि ती धंद्यात आणली लुडविगने, असं म्हणणं जास्त पटतं. हाय-हॅट १९२०च्या दशकातलं, बहुधा १९२६च्या आसपासचं. आधी ते गुडघ्याच्याही खाली असायचं, वर हाताने मारता यावं म्हणून दांडी लांब केली.

ड्रमच्या तोंडावर ताणलेल्या पडद्याला पान म्हणतात. कातड्याच्या पानाची जागा प्लास्टिकच्या पानाने घेतली १९५६-५७च्या सुमारास. ते आधी कोणी आणलं, चिक इव्हान्सने की रेमो बेलीने, हा वाद इथेही आहेच. फरक मात्र मोठा पडला : आपल्याकडे डफ वाजवण्याआधी शेकावा लागतो, प्लास्टिकचं पान पावसाळ्यातही सहसा ढिलं पडत नाही.

निवडीत लोक शेलच्या, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्याच्या, लाकडात अडकतात. स्वस्त किटमध्ये बहुतेक पॉप्लर असतं आणि शिकायला ते पुरेसं आहे, बर्च-मेपल नंतर बघता येतं. साइज महत्त्वाची. २२ इंची किक, १२-१३चे टॉम आणि १६चा फ्लोअर टॉम ही रॉकची जुनी जोडणी, तर १०-१२चे टॉम आणि १४चा फ्लोअर टॉम या लहान जोडणीला फ्यूजन म्हणतात. लहान मुलासाठी किंवा छोट्या खोलीसाठी फ्यूजनच घ्यावं, टॉम खाली बसवता येतात. पैसा वाचला तर झांजांवर घालावा. किटसोबत फुकट येणारी पितळी झांज थाळी पडल्यासारखी वाजते, ८ टक्के कथील आणि बाकी तांबं असलेली त्यापेक्षा बरी, २० टक्के कथीलवाली सगळ्यात चांगली पण महाग. आणि हो, 'शेल पॅक', म्हणजे नुसते ड्रम, असं लिहिलं असेल तर त्यात झांजा धरायच्या नाहीत, बऱ्याचदा स्टँड आणि पेडलही नसतात, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

जुनं किट घेताना पान काढून मोकळा शेल ओट्याच्या कडप्प्यावर पालथा ठेवायचा, आत मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि खोलीतली लाईट घालवायची. कडेखालून उजेड फटीतून बाहेर दिसला तर कड वाकडी आहे, असा ड्रम कधीच नीट सुरात लागत नाही. झांजेच्या मधल्या भोकाला आणि कडेला तडा आहे का तेही बोट फिरवून बघावं.

मांडणी स्टुलापासून सुरू होते, ड्रमपासून नाही. मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या राहतील इतकं उंच बसायचं. खाली सतरंजी हवीच, नाहीतर फरशीवर किक पुढे सरकत जातो. स्नेअर दोन गुडघ्यांच्या मधे, मांडीच्या जरा वर. फ्लोअर टॉम साधारण त्याच उंचीला. हाय-हॅट डावीकडे, दोन झांजांत इंचभर फट. टॉम फार तिरके करू नयेत, काठीचं टोक पानात रुततं. डावखुऱ्याने सगळं उलटं मांडायचं.

पान चढवताना आधी सगळे स्क्रू हाताने घट्ट होतील तितकेच, मग चावीने समोरासमोर, एकदा इकडचा एकदा पलीकडचा, अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक स्क्रूपासून दीड इंचावर काठीने हलकं मारून सगळीकडे एकच सूर येतो का ऐकायचं. बरेच जण खालचं पान वरच्यापेक्षा जरा चढं ठेवतात. किकमध्ये जुनी उशी टाकली की घुमणं कमी होतं.

खोलीचाही हिशोब धरावा लागतो. जुन्या धाब्याच्या घरातल्या जाड मातीच्या भिंती आवाज पितात, स्लॅबच्या रिकाम्या खोलीत तोच किट कानठळ्या बसवतो, म्हणून गोधड्या टांगाव्यात. किट सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. थोडक्यात, शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावं, आणि रात्री सरावाचं रबरी पॅड वापरावं. दिवसाही कानात प्लग घालून वाजवावं.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा किट पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये आणि कूलरच्या थेट झोतातही ठेवू नये, कारण लाकूड एका बाजूने सुकतं आणि दुसऱ्या बाजूने ओल पितं. पावसाळ्यात क्रोमवर गंज धरतो, त्यासाठी कोरड्या फडक्याने पुसणं आणि स्क्रूला शिवणमशीनच्या तेलाचा थेंब एवढं पुरतं.