चोपण जमिनीतली टारफुल्याची नातलग

खानदेशात निचरा न होणाऱ्या काळ्या रानाला वर्षानुवर्षे पाणी देत राहिल्यास त्याचे काही पट्टे चोपण होतात. तिथे मातीचा सामू साडेआठच्या वर जातो आणि विनिमयक्षम सोडियमचे (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे) प्रमाण 15 टक्क्यांपलीकडे गेल्याने चिकणमातीचे कण विस्कटतात, म्हणून पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात ढेकळे कुदळीलाही दाद देत नाहीत. अशा पट्ट्यात दादर (रब्बी ज्वारी) पेरून फारसे काही हाती लागत नाही.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात मात्र हिवाळी पावसात पाणी साचणाऱ्या खारट-चोपण खोलगट जागांतच वाढणारी एक स्थानिक वर्षायू वनस्पती आहे. क्लोरोपायरॉन पाल्मेटम हे तिचे शास्त्रीय नाव. जेमतेम फूटभर उंचीची ही राखाडी-हिरवी वनस्पती मुळांवाटे आलेले जादा मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते, त्यामुळे पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात.

ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला आपल्या शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. ही त्याच्याच कुळातली. तीही अर्धपरजीवी आहे, म्हणजे हिरव्या पानांत स्वतःचे अन्न बनवते आणि शिवाय शेजारच्या वनस्पतीच्या मुळांना आपली मुळे जोडून घेते. तिचा यजमान बहुधा डिस्टिक्लिस नावाचे बहुवर्षायू खारे गवत असते. मे ते ऑक्टोबर हा तिचा फुलोऱ्याचा काळ तिथे जवळपास कोरडा जातो आणि आजूबाजूच्या बहुतेक वर्षायू वनस्पती तोवर वाळलेल्या असतात. तेव्हा या गवताच्या मुळांतून मिळणारे पाणीच तिला तारत असावे, असे मला वाटते.

टारफुला पिकाचा शत्रू, म्हणून त्याच्या या नातलगीला उपद्रवी ठरवणे चूक होईल, कारण तिचा पिकांशी संबंध येतो तो जमिनीवरून. सपाटीकरण, चर आणि शेतीचा विस्तार यांत तिच्या बहुतेक जागा गेल्या, आणि 1986 मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने तिला संकटग्रस्त जाहीर केले. सिंचनाने बिघडलेल्या आपल्या शेतात जिप्सम टाकून चर काढणे योग्यच. पण तिथली चोपण जमीन मुळात निसर्गाने घडवलेली आहे, आणि तिची ‘सुधारणा’ झाली की हे रोप तिथे टिकत नाही.

उरलेल्या जागांना कुंपण घालूनही काम भागत नाही. तिच्या फिकट पांढुरक्या फुलांचे परागीभवन मुख्यतः बंबलबी (जाडसर, केसाळ मधमाश्या) करतात, आणि त्यांना घरट्यांसाठी जवळपास पाण्याखाली न जाणारी, नांगर न लागलेली उंच जमीनही लागते.